परिचर्येचे अध्यासन

इ. स. १९०७ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मेरी ॲडलेड नटिंग या बाईंची प्राध्यापकपदावर नेमणूक झाली, त्या वेळी त्यांच्या नावापुढे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिशी गाठल्यावर शिकाऊ परिचारिका म्हणून दाखल व्हावे, तेथेच वॉर्डाचे प्रमुखपद मिळवावे, आणि अखेर तेरा वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांची अधीक्षिका व तिथल्या शाळेची मुख्याध्यापिका अशी दुहेरी जबाबदारी सांभाळावी, एवढीच त्यांची विद्या आणि एवढीच त्यांची सनद होती. परिचर्येच्या व्यवसायातून विद्यापीठाच्या प्राध्यापकपदावर आलेली जगातील पहिली व्यक्ती म्हणून इतिहास त्यांची नोंद घेतो.

रुग्णाच्या उशाशी वर्षानुवर्षे राबून एखाद्या शाखेत नैपुण्य संपादन करावे आणि मग ते विद्यापीठाच्या वर्गात पुढल्या पिढीच्या स्वाधीन करावे, हा मार्ग आज मुंबई-पुण्याच्या परिचारिकांनाही इतका परिचित झाला आहे, की तो कोणाला तरी मुद्दाम पाडावा लागला याचे विस्मरण व्हावे. तो पाडला जात असताना जे वाद झाले, त्यांत वरवर पाहता प्रश्न असा असे, की परिचारिकेच्या कामात विद्यापीठाने शिकवावे असे आहे तरी काय. परंतु त्या काळचे अहवाल आणि जमाखर्च वाचू गेल्यास ध्यानात येते, की भांडणाचे मूळ अन्यत्र होते. शिकणाऱ्या मुलीच्या दिवसातील तास कोणाच्या मालकीचे, आणि तिला शिकविणाऱ्या बाईचे वेतन कोणाच्या खात्यातून निघावयाचे, या दोन प्रश्नांभोवती हा सगळा इतिहास फिरला आहे.

आधुनिक परिचर्याशिक्षणाचा आरंभ जून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात झाला असे मानण्याचा प्रघात आहे. क्रिमियातील युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी केलेल्या कामगिरीबद्दल कृतज्ञता म्हणून ब्रिटिश जनतेने जमविलेला सुमारे ४४ हजार पौंडांचा निधी त्या शाळेच्या पाठीशी होता, आणि या संस्थेचे मर्म बाईंच्या कीर्तीइतकेच या निधीतही होते. पहिल्या तुकडीत पंधरा प्रोबेशनर मुली होत्या. त्यांच्या भोजननिवासाची तजवीज निधीतून होई, आणि मेट्रन वॉर्डरोपरबाईंना व वॉर्डाच्या सिस्टरांना शिकविण्याबद्दलचा मेहनतानाही निधीच देई. प्रत्यक्षात या मुलींवर वॉर्डाच्या कामाचा बोजा पुष्कळ होता, शिकविण्याची व्यवस्थाही सर्वकाळ सुरळीत चालली असे नाही. तरीसुद्धा शिक्षण ही रुग्णालयाच्या रोजच्या कामाहून निराळी बाब असून तिच्यासाठी निराळा पैसा लागतो, हे तत्त्व त्या व्यवस्थेत कागदोपत्री तरी मान्य झालेले होते.

ही शाळा अटलांटिकपार गेली तेव्हा नेमके हेच तत्त्व वाटेत गळाले. १८७३ साली न्यूयॉर्कचे बेलव्ह्यू, न्यू हेवनचे कनेटिकट आणि बॉस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल अशा तीन रुग्णालयांत नाइटिंगेल पद्धतीच्या शाळा निघाल्या, आणि लवकरच इतर रुग्णालयांच्या विश्वस्तांच्या लक्षात आले, की शाळा काढली असता पगारी नोकरवर्ग जवळजवळ न नेमताच वॉर्ड चालविता येतो. शिकाऊ मुलीने दोन-तीन वर्षे दिवसपाळी आणि रात्रपाळी करावी, मोबदल्यात तिला गणवेश, भोजन, किरकोळ हातखर्ची आणि अखेरीस प्रमाणपत्र मिळावे, असा हा व्यवहार होता. १८८० साली त्या देशात अशा अवघ्या १५ शाळा होत्या. १९०० साली त्यांची संख्या ४३२ झाली. ही वाढ विद्येच्या ओढीने झाली असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. या शाळांतून शिकविणारी बाई म्हणजे रुग्णालयाची अधीक्षिकाच असे. दिवसभर कोठीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंतचा बंदोबस्त पाहून झाल्यावर, बारा तासांच्या कामाने शिणलेल्या मुलींसमोर ती रात्री व्याख्यानास उभी राही. वॉर्डात रुग्ण वाढले की वर्ग रद्द होई. वर्गासाठी वॉर्डाचे काम खोळंबले असे मात्र कधी घडत नसे.

या परिस्थितीला हिशेबाच्या भाषेत पहिले उत्तर देण्याचे काम जॉन्स हॉपकिन्सच्या शाळेत झाले. १८८९ साली उघडलेल्या त्या शाळेची सूत्रे इझाबेल हॅम्प्टन या बुद्धिमान आणि मानी स्त्रीच्या हाती होती, आणि १८९१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत नटिंगबाई होत्या. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या परिषदेत हॅम्प्टनबाईंनी परिचर्याशिक्षणाला समान दर्जा असावा असे प्रतिपादन केले, आणि त्याच मेळाव्यातून शाळांच्या अधीक्षिकांची संघटना जन्मास आली. पुढील वर्षी हॅम्प्टनबाई विवाह करून रॉब झाल्या व त्यांची जागा नटिंगबाईंकडे आली. नटिंगबाईंचा पिंड वक्त्याचा नव्हता, कारकुनी चिकाटीचा होता. शाळाशाळांतून मुलींना किती तास राबविले जाते याची त्यांनी माहिती गोळा केली, तिचे कोष्टक मांडले आणि ते आपल्या संघटनेपुढे ठेवले. मग स्वतःच्या शाळेत १८९६ साली अभ्यासक्रम तीन वर्षांचा केला, कामाचा दिवस आठ तासांवर आणला, आणि १९०१ साली मुलींनी वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी सहा महिने शरीररचना, आहार, स्वच्छता इत्यादी विषय शिकावेत अशी पूर्वतयारीची मुदत घातली. या एकेका सुधारणेचा अर्थ विश्वस्तांच्या दप्तरी एकच होता, आणि तो म्हणजे मोफत मिळणाऱ्या श्रमात कपात.

मुलींना दिवसाचे तास मोकळे मिळाले, तरी त्या तासांत शिकविणार कोण, हा प्रश्न उरलाच. चांगली परिचारिका ही आपोआप चांगली शिक्षिका होते, हा समज या क्षेत्रात जितका रूढ होता तितका क्वचितच अन्यत्र असेल. रॉबबाई आणि त्यांच्या सहकारिणींनी टीचर्स कॉलेजचे अधिष्ठाता जेम्स अर्ल रसेल यांची भेट घेऊन अनुभवी परिचारिकांसाठी अध्यापन व व्यवस्थापन यांचा वर्ग उघडण्याची विनंती केली. रसेल अनुकूल होते, परंतु कॉलेजाच्या तिजोरीतून पैसा देण्यास असमर्थ होते. तेव्हा अधीक्षिकांच्या संघटनेनेच खर्चाची हमी घेतली, आणि १८९९ साली हा वर्ग सुरू झाला. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी दोन होत्या. व्याख्याने देण्यासाठी निरनिराळ्या रुग्णालयांच्या अधीक्षिका आपापली कामे सांभाळून न्यूयॉर्कला येत. परिचारिकेने विद्यापीठात प्रवेश केला तो असा, स्वतःच्या गाठीचा पैसा मोजून.

१९०७ साली नटिंगबाई या विभागाच्या प्रमुख म्हणून आल्या आणि १९२५ पर्यंत तेथे राहिल्या. १९१० साली हेलन हार्टली जेंकिन्स यांच्या देणगीमुळे विभागास स्थैर्य आले, आणि शाळांच्या अध्यापिकांबरोबरच घरोघर जाणाऱ्या सार्वजनिक आरोग्य परिचारिकाही तेथे शिकू लागल्या. लॅव्हिनिया डॉक यांच्या सहकार्याने नटिंगबाईंनी परिचर्येचा चार खंडांचा इतिहास सिद्ध केला, कारण ज्या व्यवसायाला आपला भूतकाळ ठाऊक नाही त्याला विद्यापीठात ताठ मानेने बसता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९१२ साली त्यांनी संयुक्त संस्थानांतील परिचर्याशिक्षणाच्या स्थितीवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात शाळांना स्वतःचे उत्पन्नच नाही ही गोष्ट पुनःपुन्हा निदर्शनास आणली होती. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने नेमलेल्या समितीसाठी जोसेफिन गोल्डमार्क यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल १९२३ साली बाहेर पडला, तेव्हा त्याचाही निष्कर्ष तोच निघाला, की रुग्णालयाची निकड आणि मुलीचे शिक्षण यांचा सामना झाला म्हणजे शिक्षण हरते. त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतंत्र अंदाजपत्रकाचे परिचर्या विद्यालय निघाले आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयात घडलेल्या ॲनी गुडरिच या त्याच्या अधिष्ठाता झाल्या. येलमध्ये त्या पदावर बसलेली ही पहिली स्त्री.

या वाटचालीस विरोध करणारे सगळेच स्वार्थी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परिचारिका फार शिकली तर ती हुकूम ऐकणार नाही, असे बोलणाऱ्या डॉक्टरांची संख्या अल्प नव्हती, आणि त्यांच्या म्हणण्याची काळानेच वासलात लावली. परंतु वॉर्डाच्या जुन्या सिस्टरांची तक्रार निराळी आणि अधिक वजनदार होती. जी बाई कॉलेजात बसून आहार, स्वच्छता आणि अध्यापनशास्त्र शिकविते, तिने रुग्णाची कूस शेवटची केव्हा बदलली, असे त्या विचारीत. विद्यापीठात गेलेल्या पहिल्या पिढीने प्रामुख्याने शिकविले ते व्यवस्थापन, अध्यापनपद्धती आणि आरोग्यशास्त्र. खुद्द परिचर्येत विद्यापीठाच्या तोलाचे ज्ञान आहे आणि ते वॉर्डातूनच वर येते, हे सिद्ध करावयाचे राहून गेले होते.

ते ज्यांनी सिद्ध केले त्यांत हिल्डेगार्ड पेप्लाउ यांचे नाव अग्रभागी येते. १९०९ साली पेन्सिल्व्हेनिया संस्थानात जन्मलेल्या या मुलीने पॉट्सटाउनच्या रुग्णालयातील शाळेतून १९३१ साली प्रमाणपत्र घेतले. पुढे बेनिंग्टन कॉलेजच्या आरोग्यकेंद्रात नोकरी करता करता तेथेच मानसशास्त्राची पदवी मिळविली, आणि त्या काळात चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात प्रत्यक्ष अनुभव घेतला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या परिचारिका दलात असता इंग्लंडमधील लष्करी मनोरुग्णालयात त्यांनी युद्धाने खचलेल्या सैनिकांची शुश्रूषा केली. युद्धानंतर टीचर्स कॉलेजात पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्या तेथेच शिकवू लागल्या. मनोरुग्णालयातील परिचारिकेचे काम त्या काळी बहुतांशी पहारेकऱ्याचे होते. किल्ल्या सांभाळणे, औषध पाजणे आणि दंगा मोडणे यांपलीकडे तिच्याकडून कोणाला काही अपेक्षित नसे. पेप्लाउबाईंनी विद्यार्थिनींना एकेक रुग्ण नेमून दिला, त्याच्याशी ठराविक वेळी बसून बोलण्यास सांगितले, आणि झालेले संभाषण शब्दशः लिहून आणावयास लावले. त्या लेखी संभाषणांच्या भेंडोळ्यांतून चिंतेचे स्वरूप, तिच्या पायऱ्या आणि परिचारिकेच्या शब्दाने तिच्यात पडणारा फरक यांविषयी त्यांनी सिद्धान्त रचले.

येथे रुग्णशय्या आणि अध्यासन यांचा संबंध प्रथमच उलटा झाला. तोवर विद्यापीठातील ज्ञान वॉर्डात नेऊन लावावयाचे असते असे मानले जाई; आता वॉर्डातील नोंदवही हेच विद्यापीठाचे साहित्य बनले. रुग्ण व परिचारिका यांच्यातील नात्याविषयीचा पेप्लाउबाईंचा ग्रंथ १९४८ सालीच लिहून तयार होता. परंतु सहलेखक म्हणून एखाद्या डॉक्टराचे नाव नसताना परिचारिकेने असा ग्रंथ काढणे प्रकाशनविश्वाला धाडसाचे वाटले, आणि तो प्रसिद्ध व्हावयास १९५२ साल उजाडले. दोन वर्षांनी त्या न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात गेल्या व तेथे त्यांनी मनोरोग परिचर्येतील विशेषज्ञ घडविणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. एखाद्या शाखेतील प्रत्यक्ष शुश्रूषेचे नैपुण्य हेच ज्याचे उद्दिष्ट, असा अमेरिकेतील हा पहिला अभ्यासक्रम मानला जातो. या उभारणीमागेही तिजोरीचा हात होताच. १९४६ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने मानसिक आरोग्याचा जो कायदा केला, त्यान्वये मनोरोग परिचर्येच्या उच्च शिक्षणाला सरकारी अनुदान मिळू लागले होते. पेप्लाउबाईंची प्रतिभा निर्विवाद; पण विद्यार्थिनीला रुग्णासमोर तासभर नुसते बसून बोलू देण्याची मुभा मिळाली, ती त्या तासाचे मोल रुग्णालयाबाहेरील कोणी तरी चुकते केल्यामुळे.

हे सर्व जेथून निघाले, त्या ब्रिटनने मात्र फार सावकाशीने पावले टाकली. विद्यापीठांच्या पदविका आणि सिस्टर ट्यूटरांचे वर्ग पहिल्या महायुद्धाच्या मागेपुढे निघाले होते, तरी ब्रिटनमधील पहिला विद्यापीठीय विभाग १९५६ साली एडिंबरोत, एल्सी स्टीव्हन्सन यांच्या नेतृत्वाखाली, आणि तोही रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने स्थापन झाला. त्या देशात परिचर्येचे पहिले अध्यासन निर्माण होऊन मार्गारेट स्कॉट राइट त्यावर बसल्या, तेव्हा सत्तरीचे दशक उजाडले होते.

अध्यासन मिळाले, आणि मग जुन्या सिस्टरांची तक्रार नव्या रूपाने पुढे आली. विद्यापीठातील अध्यापिकेला बढती मिळे ती प्रबंध आणि प्रकाशने यांवर; वॉर्डात घालविलेला दिवस तिच्या नोकरीच्या हिशेबात कोठेच जमा होत नसे. याला उत्तर शोधणाऱ्यांत लॉरेटा फोर्ड यांची गणना प्रथम करावी लागते. कोलोरॅडो संस्थानात सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून दूरदूरच्या वस्त्यांत काम केलेल्या या बाईंनी, तेथील विद्यापीठात अध्यापन करीत असता, १९६५ साली डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासह बालआरोग्यासाठी स्वतंत्रपणे तपासणी व उपचार करू शकणाऱ्या परिचारिकांचा अभ्यासक्रम काढला; नर्स प्रॅक्टिशनर या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या वर्गाचा तो उगम होय. १९७२ साली त्या रॉचेस्टर विद्यापीठातील परिचर्या विद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि त्यांनी शुश्रूषा, अध्यापन व संशोधन ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली आणली. वॉर्डाची जबाबदार परिचारिका आणि विद्यार्थ्यांची अध्यापिका ही तेथे एकच व्यक्ती असे. त्याच सुमारास शिकागोच्या रश विद्यापीठात लूथर क्रिस्टमन या पुरुष परिचारकाने अशीच घडी बसविली.

आपल्याकडील कथा याच धाग्यांनी विणलेली आहे. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ साली उघडले, आणि १८९१ साली मुंबईत शिक्षणास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांची पहिली हिंदी परिचारिका म्हणून आपल्या व्यवसायाच्या इतिहासात नोंद आहे. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविण्यास आरंभ केला, तेव्हा परक्या पुरुषांची शुश्रूषा ब्राह्मणाच्या घरच्या बाईने करावी काय, यावर त्या शहराने यथेच्छ खल केला. विद्यापीठाचा प्रश्न त्या काळी मनातही येण्याजोगा नव्हता. रुग्णालयाची शाळा मिळाली हीच मोठी गोष्ट होती.

देशाच्या आरोग्यस्थितीच्या पाहणीसाठी १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, त्यात अवघ्या देशात परिचारिका सुमारे ७ हजार, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक, असे भयावह चित्र होते. अशा देशात प्रथम संख्या वाढवावी, पदव्यांचे पुढे पाहू, असे कोणी म्हटले असते तर ते सयुक्तिकच वाटले असते. परंतु शिकविणाऱ्या बायाच नसतील तर संख्या वाढणार कोठून, हे जाणून त्याच १९४६ साली दिल्लीचे कॉलेज ऑफ नर्सिंग आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या दोन ठिकाणी पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. दिल्लीच्या कॉलेजास पुढे राजकुमारी अमृत कौर यांचे नाव मिळाले. मार्गारेटा क्रेग यांनी आरंभीच्या काळात त्याचे प्राचार्यपद भूषविले, आणि १९५९ साली तेथेच परिचर्येतील पदव्युत्तर पदवीचा ओनामा झाला. महाराष्ट्रात हे काम महर्षी कर्व्यांच्या विद्यापीठाने अंगावर घेतले, हे त्या संस्थेच्या परंपरेस शोभणारेच होते. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली मुंबईत निघाले. १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली.

आज आपल्याकडील परिचारिकेपुढचा मार्ग नियमांनी आखलेला आहे. बी.एस्सी. किंवा जी.एन.एम. पदविकेनंतर पोस्ट बेसिक पदवी करावी, काही वर्षे वॉर्डात काढावीत, मग शल्य, प्रसूती, बालआरोग्य, मनोरोग वा सामुदायिक आरोग्य यांपैकी एका शाखेत एम.एस्सी. करून ट्यूटर आणि पुढे प्राध्यापक व्हावे. या मार्गावर पाऊल टाकले की बहुतेक ठिकाणी वॉर्ड मागे सुटतो. महाविद्यालयाची अध्यापिका मुलींना घेऊन रुग्णालयात येते ती पाहुणी म्हणून, तिचा तेथे कोणावर अधिकार नसतो. आणि अतिदक्षता विभागात वीस वर्षे घालविलेल्या सिस्टर इनचार्जला मुलींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या, तरी ते तिच्या कामाच्या वाटणीत कोठेच बसत नाही. वेल्लोरने अध्यापिकांकडे वॉर्डांचीही जबाबदारी सोपवून आपल्याच देशात निराळा दाखला घालून दिला आहे. तरी तो अपवादच राहिला आहे.

विद्यापीठात जाऊन परिचारिकेने चूक केली, असा याचा निष्कर्ष काढणे म्हणजे मुलींचे तास पुन्हा रुग्णालयाच्या स्वाधीन करण्यासारखे आहे. शाळा रुग्णालयापासून विलग होणे अपरिहार्य होते. ती विलग झाली नसती तर नटिंगबाईंची कोष्टके आणि पेप्लाउबाईंचे सिद्धान्त रात्रपाळीच्या थकव्यात विरून गेले असते. परंतु विलग झालेल्या दोन संस्थांचा जमाखर्चही विलग झाला, आणि दोहींत उभी राहू शकणारी बाई कोणत्याच वहीत मावेनाशी झाली. रॉचेस्टर आणि वेल्लोर येथे ती मावली, कारण तेथे तिची नेमणूक लिहितानाच वॉर्डातील अधिकार आणि वर्गातील तास ही दोन्ही तिच्या पदाची कामे म्हणून नोंदली गेली. आपल्याकडे दरवर्षी शेकडो अनुभवी परिचारिका पदव्युत्तर पदवी घेऊन अध्यापनाकडे वळतात. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशात वॉर्डाचा एक दिवस, त्यावरील अधिकार आणि त्याचे वेतन एवढ्या तीन बाबी वाढविणे हे कोणत्याही कुलगुरूंच्या आणि अधिष्ठात्यांच्या हातचे काम आहे, आणि या इतिहासाचा पुरावा असा आहे, की जेथे ती तरतूद झाली तेथेच विशेषज्ञ परिचारिकेचे ज्ञान तिच्याबरोबर निवृत्त न होता पुढे गेले.